साडूंचा प्लग

अलिबागकडच्या अष्टागरात कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी पाणी मागतात. आमचे किहीमचे साडू प्लग मागतात. विजेवरची गाडी घेतल्यापासून त्यांनी सगळ्या नातेवाइकांची दोन गटांत विभागणी केली आहे : अर्थिंग असलेले आणि नसलेले. एका बाराव्याला गेले, फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि यजमानांच्या कानाशी लागून म्हणाले, "पंधरा अँपिअरचा प्लग चालू हाय ना?" उतारावर गाडी थोडी चार्ज होते हे कळल्यापासून तर ते निव्वळ कार्लेखिंड उतरायला मिळावी म्हणून पेणच्या बाजाराला जातात. चढताना किती वीज खर्ची पडते, हे त्यांना विचारायची सोय नाही.

पण त्यांनी घरी प्लग लावला आणि आळीचा म्हातारा ट्रान्सफॉर्मर हात टेकू लागला. वाड्यांचे पंप बंद पडले, सुपारीनं माना टाकल्या. प्लग काढा नाहीतर गाडी विका, असं आळीनं बजावलं. तेव्हापासून साडू रोज संध्याकाळी थळला आमच्याकडे यायचे. गाडी पडवीजवळ जेवायची, साडू आत. बायको बोंबील वाढता वाढता विचारायची, "भावजी, गाडीचं पोट भरलं का?"

शेवटी त्यांनी अख्खी आळी आपल्या ओटीवर बोलावली. "आपल्या आजे-पणज्यांनी एका विहिरीवर चार वाड्या शिंपल्या. पाणी कमी म्हणून कुणी विहीर बुजवली न्हाय, रहाटाच्या पाळ्या लावल्या. आता इजेच्या लावू. माझी सगळ्यांत शेवटी."

"आन् पाळी मोडलीस तर?" शेजारच्या नानांनी विचारलं. विरोधात सगळ्यांत पुढे तेच होते.

"तर गाडी विकीन."

पाळ्या ठरल्या. पहिल्या दिवशी पंप एकेक करून चालले आणि थांबले. तिन्हीसांजेला साडूंनी प्लग लावला. आळी आपापल्या अंगणात दिव्याकडे बघत उभी होती. दिवा मंदावला नाही. घरातला पंखाही फिरत राहिला. "दिवा जळतोय रं," नाना म्हणाले आणि स्वतःच्या वाडीतला नारळ आणून त्यांनी गाडीपुढे फोडला. आता त्यांच्या मुलानं विजेवरची रिक्षा घेतली आहे, तिलाही पाळी मिळाली आहे. साडू गावभर वरातीतल्या नवऱ्यासारखे फिरतात.

मला अभिमान वाटतो. पण ते आता थळला येत नाहीत आणि मला त्यांच्याशिवाय करमत नाही. परवा न राहवून फोन केला, "साडू, आमचा प्लग रिकामाच आहे."

"गाडी भरलेली हाय हो," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "बोंबील मिळालेत काय?"