तपकिरी टोपीवाल्याचा तास

तैमी केम्पाइनेनच्या परसात हिवाळाभर पंगत बसलेली असते. खारी येतात, ससे येतात, पाखरं तर हक्काने येतात. बर्चच्या ओंडक्याला भोकं पाडून बाई त्यांत चरबी ठासते, स्वतःच्या ब्रेडला मात्र लोणी नुसतं दाखवते. गावात बत्तीस वर्षं टपाल वाटलं. वेळ पाळायची खोड अजून सुटलेली नाही.

जानेवारीअखेरच्या शनिवारी पाखरांची मोजणी असते. तास आपण ठरवायचा, पण त्या तासात दिसेल तेवढंच लिहायचं. तैमीने अकरा ते बारा धरला होता, आणि यंदा त्या तासावर घरामागच्या जुन्या पाइन झाडांचं नशीब टांगलेलं होतं. झाडं तिच्या दिराची, ओइवाची. त्याला ती तोडायची होती.

"त्यांत आता लाकडाशिवाय काय उरलंय?" तो विचारायचा.

"तपकिरी टोपीवाला उरलाय," तैमी म्हणायची. डोक्यावर काळी टोपी असलेली पाखरं ढिगाने येत. तपकिरी टोपीचं मात्र जुन्या झाडाच्या ढोलीशिवाय टिकत नाही, आणि दोन हिवाळे ते कुणाला दिसलं नव्हतं.

"या मोजणीत दिसला, तर करवत लावणार नाही," ओइवाने कबूल केलं होतं. "पण तुझे डोळे अधू झालेत, तैमी. मला दिसायला हवा."

"मग ये आणि बस माझ्या शेजारी."

शनिवारी थंडी उणे अठ्ठावीस. अकरा वाजले, ओइवाचा पत्ता नाही. सव्वाअकराला खिडकीसमोर धूर आला. अशा थंडीत धूर वर चढत नाही. तो ओंडक्यावर येऊन बसला आणि पाखरं भुर्रकन पसार झाली. ओइवाने नेहमीप्रमाणे तैमीची सौना, म्हणजे परसातली वाफेची न्हाणी, पेटवली होती. शनिवार म्हणजे सौना. त्याच्या लेखी कॅलेंडर त्यासाठीच छापतात.

तैमी बूट चढवून निघाली. लोखंडी फावड्याने भट्टीतली पेटती लाकडं एकेक बाहेर काढून तिने बर्फात खुपसली. ओइवा बघतच राहिला.

"शनिवारची सौना विझवतेस? माझा भाऊ जिवंत असता तर..."

"तर त्याने फावडं धरलं असतं. मुद्दाम पेटवलीस ना?"

"देवाशपथ नाही! तुझे पाय गरम व्हावेत म्हणून."

"पाय राहू देत. चल आत."

दोघं खिडकीशी बसले. धूर विरायला पंचवीस मिनिटं गेली. ओइवा काजळी लागलेल्या नाकाने रुसून कॉफी फुरकत होता. आधी खार आली, मग काळ्या टोपीवाले सात. बाराला चार मिनिटं उरली. तैमी डोळे बारीक करून ओंडक्याच्या डावीकडच्या सुतारपक्ष्याला न्याहाळत होती.

"तो बघ," ओइवा म्हणाला.

"कोण?"

"उजवीकडे, खाली. टोपी तपकिरी आहे."

म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली. गप्प बसला असता, तर म्हातारीला पत्ताही लागला नसता.

तैमीने दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं, मग कागदावर ठसठशीत 'एक' लिहिला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"कर सही. दिसला कुणाला?"

"मला," ओइवा पुटपुटला आणि सही केली. "आता तरी सौना?"

"बाराला दोन कमी आहेत. बस."