हळद लागलेली काडतुसं

बहिणीची सोयरीक धावड्याकडची. मानपान, देणंघेणं एका बैठकीत मिटलं. उठता उठता नवरदेवाच्या वडिलांनी पायात वहाणा सरकवत एक बारीकशी गोष्ट सांगितली, की वऱ्हाड शिवेवर आलं म्हणजे बंदुकीचे पाच बार व्हावेत. ठासणीच्या बंदुकीचे नकोत, तसे त्यांच्या गावात कोणीही काढतो. आमच्या घरी परवान्याची रफल आहे असं त्यांच्या कानावर होतं, तर रफलीचेच काढावेत. माझ्या वडिलांनी मान हलवली. थोरले काका तर पाचाचे सात करायला निघाले होते, त्यांना धोतर ओढून खाली बसवावं लागलं.

रफल होती हे खरं. मंठ्याच्या अलीकडच्या आमच्या गावी ती आजोबांच्या वेळी रानडुकरांसाठी आलेली. जुनी लष्करी, नळी एवढी मोठी की माझी करंगळी तोंडात जायची. पण काडतुसं नव्हती. जर्मनीची लढाई सुरू झाल्यापासून तहशिलीतून नवी मिळणं बंद होतं. घरात होती ती वाजलेली, रिकामी. काकांनी ती देवघरात देवांच्या मागे मांडून ठेवली होती, आणि रोज देवांबरोबर त्यांनाही फूल मिळायचं.

तेव्हा रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरायची असं ठरलं. त्याचं सामान नव्या जालन्यात मिळतं असं कोणीतरी सांगितलं. मी औरंगाबादला शिकून आलेलो, म्हणून काम माझ्याकडे आलं. शिकलो होतो उर्दू, हिशेब आणि मोडकंतोडकं इंग्रजी. काडतुसाशी त्यातल्या कशाचाच संबंध नव्हता, पण तसं मी कोणाला म्हणालो नाही.

या बारांत आणखी एक गोष्ट अडकली होती आणि मला सांगायचं ते तिच्याबद्दल आहे. आमची आई लहानपणीच गेली. आम्हा दोघांना वाढवलं ते आत्यानं, वडिलांच्या विधवा बहिणीनं. लग्नात ती पुढे दिसणार नव्हती, तशी रीतच होती. बहिणीनं मात्र हट्ट धरला, "अक्षता पडताना आत्या माझ्या पाठीशी मांडवात उभी पाहिजे, न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई." काका भडकले. काही विघ्न आलं म्हणजे कोण निस्तरणार, असं म्हणाले. वडील मधल्यामध्ये अडकले आणि त्यांनी तोडगा काढला: शिवेवरचं स्वागत बिनबोभाट पार पडलं तर कसलंच विघ्न नाही असं समजायचं आणि आत्यानं मांडवात उभं राहायचं. दुसऱ्या दिवसापासून आत्या मला विचारू लागली, "काडतुसाचं सामान आणायला कवा जाऊ राह्यलास?"

काका आणि मी बैलगाडीनं जालन्याला निघालो. रिकामं काडतूस सोबत घेतलं तर नाक्यावर पोलीस धरतो, असं काकांना कोणी भरवलं होतं. म्हणून त्यांनी मापासाठी एक गाजर घेतलं. ते रफलीच्या तोंडात दाबून, फिरवून, बराबर नळीएवढं गोल करून फडक्यात बांधलं. वाटेत ओढ्याला बैल सोडले, आम्ही भाकरी खाल्ली, आणि फडकं सोडून पाहतो तर माप डाव्या बैलानं खाल्लं होतं. काका बैलाला एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे मात्र असं पाहिलं की जणू मीच ते खाल्लं.

दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. म्हातारे दुकानदार, डोळ्याला जाड भिंगं, बंदुकीच्या सामानाचा सरकारी परवाना चौकटीत लावलेला. त्यांनी पहिलं हेच विचारलं की रफलीची नळी केवढी. काकांनी माझा हात धरून करंगळी त्यांच्यापुढे केली. त्यांनी भिंगं वर सारली, करंगळीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पितळी मापाच्या चिमट्यानं करंगळी मोजली. आमच्या घरातल्या काडतुसांचं सगळं सामान पुढे माझ्या करंगळीच्या मापानं आलं. नशीब असं की ते बराबर बसलं.

सामान तीन तऱ्हेचं होतं. एक कपाशीच्या गठाणी दाबायच्या प्रेसचं जणू पिल्लू, लांब दांड्याचं. काकांचा जीव त्याच्यावर गेला. पण ते टेबलाला आवळून बसवावं लागतं असं दुकानदार म्हणाले, आणि आमच्या घरात टेबल नव्हतं. गावात एकच टेबल होतं, ते चावडीत. काकांनी जरा विचार करून चावडी किती दिवसांसाठी मिळेल ते मला विचारलं. दुसरी होती मखमली पेटी, आत लाल कापडात रुतवलेली चकचकीत हत्यारं: काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढायचा खिळा, नवी बसवायचा दट्ट्या, नरसाळं, हस्तिदंती मुठीचं माप. तिसऱ्यात तेच सगळं लाकडी मुठींचं, गोणपाटाच्या पिशवीत. दुकानदारांनी ती पिशवी आमच्याकडे सरकवली आणि नवशिक्यानं हीच घ्यावी, हात बसला की पुढचं बघावं, असं समजावून सांगितलं.

नवशिक्या हा शब्द काकांना लागला. तीन पिढ्या रफल असलेल्या घराला कोणी नवशिकं म्हणावं, हे त्यांना सोसेना. त्यांनी पिशवी परत लोटली आणि मखमली पेटी उचलली. शिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही चाललं होतं, ते त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. पेटी रुखवतात मांडायची. शेवया, करंज्या, विणलेल्या पिशव्या सगळेच मांडतात. काडतुसं भरायचं सामान कोणी मांडलंय का आजवर?

त्याआधी, दुकानात असतानाच, काका बैलांना पाणी दाखवायला बाहेर गेले तेव्हा दुकानदारांनी टोप्यांची डबी माझ्या हातात ठेवली आणि ती सोडण्याआधी माझं मनगट धरलं. "मियाँ, एक बात याद रखना. टोपी को पानी नै लगना. भीगी तो वो रफल नै, लाठी समझो."

मी हो म्हणालो. हे फक्त मला सांगितलं गेलं होतं. काकांनी ऐकलं नाही, दुसऱ्या कोणी ऐकलं नाही.

काडतुसं माळवदावर बसून भरली. गोळी घालायची नव्हतीच, नुसता आवाज हवा होता. वरून दारू दाबून धरायला जाड कापडाच्या चकत्या लागायच्या. त्या आत्यानं जुन्या घोंगडीतून कातरल्या. पहिल्या काही चकत्या बसेनात तेव्हा ती मला म्हणाली, तुझी करंगळी आण इकडं. आम्ही दोघंही हसलो. तिच्याबरोबर तसं मोकळं हसलेलं मला ते शेवटचं आठवतं.

वऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी हळदीचा मुहूर्त होता. सवाष्णी जमल्या, उखळ-मुसळाला, जात्याला हळदकुंकू लागलं, गाणी सुरू झाली. लग्नाला जी जी वस्तू लागणार तिला हळद लागलीच पाहिजे, हा थोरल्या काकूंचा कायदा. चुलीला लागली, पाट्यावरवंट्याला लागली, आचाऱ्याच्या झाऱ्याला लागली. मखमली पेटीला बोटं उमटली. मग काकूंनी काडतुसं मागितली.

मीच ती ताटात घालून नेली. बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांत काही पाहुण्यांच्या मुलीही होत्या, आणि एकीनं मला काडतूसवाले म्हटलं. काकूंनी ताटात हळद कालवलेलं पाणी ओतलं आणि काडतुसं त्यात उभी केली, जशी लग्नाला निघालेली पोरं ओळीनं न्हाऊ घालावीत. टोप्या खाली, पाण्यात. मला दुकानदारांचं बोलणं आठवलं. विसरलो होतो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खोटं आहे. आठवलं होतं, शब्द न् शब्द.

आत्या मुहूर्ताला पुढे नव्हती. ती दाराआड उभी होती आणि तिथूनच हळू आवाजात मला म्हणाली, "त्यात पाणी गेलं तर चालतं का रे?"

गाणं नेमकं थांबलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. मी म्हणालो, "आत्या, तुला काय कळतं त्यातलं? मागं हो तू."

ती मागे झाली. काडतुसं दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येईपर्यंत त्याच ताटात देवांपुढे उभी राहिली.

शिवेवर वऱ्हाड थांबलं. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री. काकांनी रफल आभाळाकडे रोखली. घोडा बिचकू नये म्हणून दोघांनी लगाम धरला, पोरांनी कान झाकले, नवरदेवानंही झाकले. खट् झालं. काकांनी दुसरं काडतूस घातलं. खट्. तिसऱ्याला आत कुठेतरी फस्स झालं, नळीतून थोडा धूर आला आणि घोंगडीची पिवळी झालेली चकती चार हात उडून नवरदेवाच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलून बारकाईनं पाहिली आणि रीत असेल समजून खिशात ठेवली. चौथं खट्, पाचवं खट्.

नवरदेवाच्या मामांनी शांतपणे सांगितलं की आमच्याकडं म्हैस याच्याहून मोठी शिंकती. मग वाद सुरू झाला. आमच्याकडच्या एकानं मुद्दा काढला की बार म्हणजे बंदुकीचा घोडा पडणं, आवाज ही वरची गोष्ट. त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्याला ते पटलं, पण धूर तरी पाचही वेळा यायला हवा होता असं त्याचं म्हणणं पडलं. शेवटी वडिलांनी हलगीवाल्याच्या कानात काही सांगितलं. काकांनी रिकामी रफल पुन्हा पाच वेळा आभाळाकडे धरली आणि बंदुकीचा घोडा पडला की हलगीवाल्यानं हलगीवर सगळा जीव काढून टिपरू हाणलं. नवरदेवाचा घोडा प्रत्येक वेळी बिचकला. त्यामुळे पाहुण्यांचं समाधान झालं आणि वऱ्हाड आत आलं.

वाड्यात मात्र काका गप्प बसेनात. काडतुसांना कोणाकोणाचा हात लागला, ते विचारू लागले. काकू म्हणाल्या, "चकत्या वन्संनी कातरल्या की. दुसऱ्या कोणाचा हात लागल्ता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण काडतुसं माझी. वडीलही बघत होते. मला वाटतं त्यांना मी काहीतरी सांगावं असंच वाटत होतं, काहीही. मी पेटीचं झाकण लावत बसलो. ते नीट लागत नव्हतं, म्हणून परत उघडून लावलं.

आत्या उठली. नेसायला काढलेलं लुगडं तिनं घडी करून परत ठेवलं आणि सरकी ठेवायच्या मागच्या खोलीत जाऊन बसली. अक्षता पडल्या तेव्हा ती तिथेच होती. बहीण बोहल्यावर उभी राहिली, हट्टाचं कोणी नाव काढलं नाही, तिनंही नाही. पण अंतरपाट धरलेला असताना ती दोनदा मान वळवून मागे बघत होती, आणि भटजी तिला पुढे बघ म्हणत होते.

लग्न उरकल्यावर ती पाची काडतुसं मी माळवदावर उन्हात ठेवली. पुरती वाळल्यावर रफल चादरीत गुंडाळून ओढ्याला नेली आणि एकेक घालून पाहिलं. तिसरं, अर्धवट जळालेलं, वाजलं नाही. बाकीची चारही वाजली. असे वाजले बार, की ओढ्याकाठची बगळ्यांची सगळी रांग उठून गेली. घरी आलो तर काकांनी विचारलं, कसला आवाज होता? मी म्हणालो, रस्त्याच्या खडीसाठी सुरुंग लावू राह्यले असतील. आत्या चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही.

म्हणजे पुरावा माझ्या हातात होता. तिच्या हाताचा काही दोष नव्हता हे मी स्वतः, स्वतःच्या कानांनी ऐकून आलो होतो. ते सांगायचं तर पाण्याचं सांगावं लागलं असतं, पाण्याचं सांगायचं तर तिला मागे हो म्हटल्याचं. मी नाही सांगितलं. त्यानंतर आत्या कोणत्याच लग्नात पुढे आली नाही. माझ्या लग्नात तिनं अक्षतांचे तांदूळ निवडायलासुद्धा हात लावला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. मीही लाव म्हटलं नाही.

पुढे निजाम गेला, रफल जमा झाली, वडील गेले, काका गेले. मी पन्नाशीकडे आलो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आत्या ओट्यावर ऊन खात बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दुकानदारांचं, ताटातल्या पाण्याचं, ओढ्यावरच्या बारांचं. तीस वर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती, बरी जमली. सांगून झाल्यावर तिनं कानामागे हात धरला.

"काय म्हणू राह्यलास? मोठ्यानं बोल."

मी परत सांगितलं. तिला काडतूस एवढंच ऐकू गेलं. मग मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, की हळदीचं पाणी मी लागू दिलं, मला ठाऊक होतं, चूक माझी होती. समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यानं चाललेल्या एकानं सायकल थांबवून कोणाची हळद म्हणून विचारलं.

आत्याला आता ऐकू गेलं होतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी तर इचारलंच होतं तुला. तिला जाऊन सांग."

तिला म्हणजे थोरल्या काकूंना. त्या पलीकडच्याच घरात, खाटेवर पडून असतात. मी तसाच गेलो. पायाशी बसलो आणि तेच सगळं चौथ्यांदा सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. त्यांचे कान शाबूत आहेत.

"कोणती काडतुसं?" त्यांनी विचारलं.

मी शिवेवरचे बार म्हणालो, न वाजलेले. त्यांचा चेहरा उजळला.

"न वाजायला काय झालं? पाची वाजल्ते की रे. काय आवाज होता! घोडा कसा बिचकू राह्यला होता."

मी पुष्कळ समजावलं. ती हलगी होती म्हणालो. त्या ऐकेनात. आमच्या घरच्या बारांना मी नावं ठेवतो याचं त्यांना वाईट वाटलं आणि त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

परत आलो तेव्हा आत्या ओट्यावरच होती. ऊन तिच्या पायांवरून सरकून गेलं होतं, पण ती उठली नव्हती.

"काय म्हणली?" तिनं विचारलं आणि कानामागे हात धरला.