सरांचे वडील क्रांजीला सापडले

आमच्या तालुक्याच्या गावात मी नकलांसाठी प्रसिद्ध आणि अभ्यासासाठी बदनाम. एसटीचा कंडक्टर, बँकेतला कॅशियर, सगळ्यांचे आवाज काढायचो. पण हमखास टाळ्या हव्या असल्या की सर काढायचे. शाळेतून कधीच रिटायर झालेले, घरी शिकवणी घेणारे आमचे इतिहासाचे सर. नाकात बोलायचं, दर वाक्याला खाकरायचं, की झाले सर.

दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की ते रंगात यायचे. गावोगाव ढोल वाजवून भरती कशी व्हायची, रॉकेलसाठी बायका उन्हात कशा ताटकळायच्या, पलटणीतून येणाऱ्या पत्रांत निम्म्या ओळींवर काळी शाई कशी फासलेली असायची, सगळं डोळ्यांसमोर उभं करायचे. आणि मग, "सिंगापूर पडलं. पुढचं पान."

का, ते अख्ख्या गावाला माहीत होतं. सरांचे वडील लढायला सिंगापूरला गेले तेव्हा सर पाळण्यात होते. सिंगापूर पडलं आणि घरी तार आली, ‘बेपत्ता’. त्यानंतर काहीच नाही. सरांच्या आईनं कुंकू पुसलं नाही. "बेपत्ता म्हणतायत ना? मग मी का पुसू?" म्हणायची. दर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायची. गाव थोडंच गप्प बसतंय? "त्यानं तिकडंच दुसरं घर केलंय, चिनी बायको केलीय." सरांनी हे शाळेत असताना पोरांकडून ऐकलं, मास्तर झाल्यावर पालकांकडून ऐकलं.

आणि मग माझ्याकडून. मी नववीत होतो. आळीच्या गणपतीत स्टेजवर चढलो, चप्पल कानाला लावली आणि सरांच्या आवाजात म्हणलं, "हॅलो, सिंगापूर? बाबा, धाकट्या आईला नमस्कार सांगा." मांडव हसून पडायचा बाकी राहिला. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं शिकवलं. कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

नशीब बघा, मला नोकरी लागली ती सिंगापुरातच. ऑफिस जुरोंग ईस्टला, फ्लॅट चोआ चू कांगला, सोबत नागपूरचा एक रिसर्चवाला रूममेट. चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. पंच्याऐंशीला टेकलेत.

"ओळखलंस का रे गाढवा?"

"सर! तुमचा आवाज कसा विसरीन?"

"हो, तुझ्याकडं एक जादाचा आहेच."

त्यांनी खाकरून घेतलं. "तिथं म्हणे भिंतीवर नावं कोरलीत. ज्यांचं काही मिळालं नाही त्यांची. जाऊन बघ. असलं तर असलं म्हण, नसलं तर नसलं म्हण. मी जायच्या आत मला एवढं कळू दे, की आमचे वडील मेले का पळाले."

त्या भिंती आहेत ती क्रांजीची सैनिकी दफनभूमी आमच्या फ्लॅटपासून बसनं कितीशी लांब? पण चार वर्षांत मी फिरकलो नव्हतो. शनिवारी सकाळी रूममेटला ओढून नेलं. हिरवळ इतकी नीट कापलेली की पाय ठेवायला नको वाटत होतं. वर टेकाडावर दगडी भिंती, एकामागे एक, आणि सगळ्या नावांनी भरलेल्या. आधी पलटण, मग हुद्दा, मग नाव. एका भिंतीपाशी रूममेट थांबला. "अबे, ही तर तुमच्या जिल्ह्याची हजेरी दिसते." खरंच तसं होतं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिथं सापडली असती.

दीड तास मान वर करून बघितलं, तेव्हा ते नाव मिळालं. पण तसल्या नावाची माणसं आमच्याकडं पैशाला पासरी. म्हणून तिथं कोनाड्यात ठेवलेल्या मृतांच्या नोंदवहीत शोधलं. तिथं सगळंच होतं. कुणाचा मुलगा. कुणाचा नवरा, पुढं सरांच्या आईचं नाव. आमचं गाव. जिल्हा.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. सरांच्या सुनेनं फोन तांब्याला टेकवून त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, सापडले! वाटा पेढे! पळाले नव्हते!"

रूममेटनं कोपर मारलं. "अबे, मेल्याची खबर देऊन राहिलास तू. पास झाल्याची नाही."

सर म्हणाले, "वाच."

मी वाचलं.

"तारीख?"

तीही सांगितली. त्यांनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "म्हणजे तार आली तेव्हा ते गेलेले होते."

"हो सर."

"आणि गाव बरोबर लिहिलंय?"

"बरोबर आहे."

"आईचं नाव?"

"तेही."

"घर माहीत होतं, बायको माहीत होती. मग नंतर कळवलं का नाही रे कुणी?"

मी नोंदवहीचं पान उलटून बघितलं. पुढं दुसऱ्याचं नाव होतं.

"थांब," सर म्हणाले. "अंघोळ करून येतो."

आतून सून म्हणाली, "मामंजी, आत्ता तर झाली की अंघोळ."

"बाप मेल्याचं आत्ता कळलंय मला, बाई."

पाण्याचा आवाज येत राहिला. मी भिंतीपाशी फोन धरून उभा. रूममेटनं बूट काढून ठेवले होते, मीही काढले. फरशी तापली होती.

सर आले ते ओल्या धोतरानंच. खुर्चीत बसले नाहीत. मागच्या भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो, काचेवर ताजं कुंकू.

"ते पूस," ते सुनेला म्हणाले.

"नाही पुसणार."

"अगं, ती विधवाच होती. तारेच्या आधीपासनं."

"त्यांना कुठं कळलं होतं? मरेपर्यंत लावलं त्यांनी. हिरव्या साडीत गेल्या, मीच ओटी भरली. आता मी पुसणारी कोण?"

"मग मी पुसतो."

"तुम्ही पुसा. मी नाही बघणार."

सर फोटोपाशी गेले. हात वर केला. बोटांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि हात काचेपासून वीतभर लांब, तसाच. तेवढ्यात सुनेनं फोन पालथा घातला. स्क्रीन काळी झाली, कॉल मात्र चालू. मग खाकरण्याचा आवाज आला, एकदा, आणि कॉल कट झाला.

त्यानंतर सरांशी दोनदा बोललो. पुसलं का, ते विचारलेलं नाही.