पेंटरमामांचे बेट

माझ्यासारख्याने कोणाविषयी काही लिहावे, हा आगाऊपणाच. आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिला. वडील अकोल्याजवळच्या खेड्यात भाजीचा मळा करतात. चित्रकलेतले तर मला काहीच कळत नाही. चुकले तर वाचकांनी क्षमा करावी. तरी लिहितो, कारण पेंटरमामांच्या चित्राला अमरावतीत जे हसले, त्यांतल्या बहुतेकांनी ते योग्य अंतरावरून पाहिलेच नव्हते.

अंतर ही मामांची मोठी गोष्ट. ते दुकानांच्या पाट्या रंगवीत; सगळे त्यांना मामाच म्हणत. एक अक्षर झाले की कुंचला कानावर खोचून रस्ता ओलांडत, टांग्यांच्या मधून, मागेपुढे न पाहता. पलीकडे उभे राहून डोळे बारीक करून पाहत आणि परत येत. टांगेवाले शिव्या देत. मामा म्हणत, "पाटी जवळून कोनीबी वाचते गड्या. रस्त्यापलीकडून वाचता आली त ते पाटी!"

अमरावतीला कॉलेजात आल्यावर मी त्यांच्या दुकानामागची खोली घेतली होती. गेल्या महायुद्धात मामा पलटणीबरोबर सायप्रसला जाऊन आले होते. भूमध्य समुद्रातले ते एक बेट. तिथे त्यांचे काम मोटारींवर रंगाचे पट्टे ओढण्याचे, म्हणजे वरून विमानाला मोटार दिसू नये, जमीनच दिसावी. "ज्याले लपवाचं हाये, त्याच्या भोवतालची जमीन पाठ पाहिजे," ते सांगत. "दोन वर्सं मी जमीनच पाठ करून रायलो होतो."

परत आल्यावर तीच जमीन त्यांनी एका मोठ्या फळीवर काढली. तिच्यात घर नव्हते, झाड नव्हते, माणूस नव्हता. खाली चुन्यासारखा जाड पांढरा, त्यावर गेरूचा आणि पिवळ्याचा तिरपा पट्टा, आणि वरच्या कोपऱ्यात निळ्याची एवढीशी फट. गिऱ्हाइके विचारत, "मामा, पाटी अर्धीच ठेवली काहून?" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

एकदा वडील मला भेटायला आले. चित्रापाशी थांबून म्हणाले, "हे काय वो पेंटर, भिंत सारवली का?"

"दादा, जरा पलीकडं जाऊन पाहा," मामा म्हणाले.

वडील रस्ता ओलांडून गेले. वळून चित्राकडे पाहिले. मग त्यांनी उन्हात धरतात तसा कपाळावर हात धरला, आणि तिथूनच ओरडले, "लय ऊन हाये वो तिथं! विहीर खोल असन!"

"खोलच होती, दादा!" मामाही ओरडले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. वडिलांच्या मागोमाग मीही पलीकडे गेलो, आणि मला बेट दिसले.

नागपूरला चित्रांचे प्रदर्शन भरणार होते. मामांना हे चित्र तिथे पाठवायचे होते. पुण्याकडचे एक ड्रॉइंग मास्तर दुकानात येत, त्यांनी आपुलकीने सल्ला दिला, "अहो, एखादी होडी टाका, दोनचार नारळ टाका. परीक्षकांना कळायला नको का?"

"मास्तर, पाटीवर म्हनसान तो हत्ती काढून देतो," मामा म्हणाले. "पाटी गिऱ्हाइकाची, हे माहं हाये. उभ्या जल्मात लोकायचीच नावं लिवली. एक डाव माह्या डोयानं पायलेलं टांगू द्या. नाई घेतलं त वापस आनीन."

इंग्रजी अर्ज मी भरला. चित्र पाठवायच्या दिवसांत मामा कामाला परतवाड्याला गेले होते, म्हणून बांधणीही माझ्यावर आली. वरूडच्या संत्र्याच्या दोन पेट्या मोडून मी एक मोठी पेटी ठोकली. संत्री भरतात तसे आत वाळके गवत दाबून बसवले, बडनेऱ्याच्या स्टेशनवर नेले आणि रेल्वेने पार्सल केले. रंगाला बोट लावून पाहिले होते. वरून कोरडा होता. जाड पांढरा आतून ओला असतो, हे मला माहीत नव्हते.

आठवड्याने प्रदर्शनवाल्यांचे पत्र आले. खालच्या पांढऱ्या भागात गवत चिकटले आहे. ते चित्राचाच भाग आहे काय? नसल्यास चित्र परत न्यावे. ते मी मामांना वाचून दाखवले. मामांनी कुंचला खाली ठेवला. "किती हाये गवत?" म्हणाले. मी म्हटले, लिहिलेले नाही. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिले.

"तिथं दगडाच्या फटीतून गवत निघे," ते हळूच म्हणाले. "असंच, वायलेलं. मीच इसरलो होतो. लिही, हाये तसं राहू द्या."

मी तसे लिहिले. ते त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितले, का तिथे खरेच तसे गवत होते, हे मी कधी विचारले नाही. नंतर परीक्षा झाली, मी गावी आलो. नागपूरहून काय उत्तर आले ते कळेना. रोज मी पोस्टमनची वाट पाहत बांधावर उभा राहायचो.

अखेर काल कार्ड आले. मामांनी ते पाटीसारखे रंगवले होते, प्रत्येक अक्षराला काळी सावली देऊन, म्हणून त्यावर थोडेच शब्द मावले होते:

"टांगलं. गवतासगट. बापाले सांग. दालनाच्या पार त्या टोकाले उभा राहून पायलं. वाचता येते."