माशांच्या हौदातलं ताट

अख्ख्या नाशकात माझ्या सासऱ्यांइतका जिभेवर भरवसा ठेवणारा माणूस झाला नाही, आणि मी बोलण्याबद्दल म्हणत नाहीये, चाटण्याबद्दल म्हणतेय. अंबडच्या कारखान्यात ते फिटर होते, आणि तिथला लोखंडाचा तुकडासुद्धा म्हणे आधी जिभेला लावून बघत. मी लग्न होऊन पंचवटीतल्या घरात आले, तेव्हा परसात गुडघाभर खोल सिमेंटचा हौद होता आणि हिरव्याकच्च पाण्यात लाल मासे तोंड वर काढून तडफडत होते. घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय: हे पाणी गाळायचं कशातून? हौदाशेजारी एक पिंप ठेवलेलं. छोट्या पंपाने हौदातलं पाणी त्यात चढवायचं, आत काहीतरी भरायचं आणि त्यातून झिरपलेलं स्वच्छ पाणी परत माशांना द्यायचं. पंप होता, पिंप होतं. ते 'काहीतरी' तेवढं मिळत नव्हतं. दुकानातलं परवडत नव्हतं आणि फुकटातलं माशांना मानवत नव्हतं.

"सूनबाई, जे मला तोंडात धरवत नाही, ते माझ्या माशांनी का सोसायचं?" हा त्यांचा कायदा. खडी आणली, तर एकेका खड्यावर लिंबू पिळून बघितलं. फेस आला की त्यात चुना, म्हणजे बाद! माझ्या लोणच्याची लिंबं अशी दगडांवर गेली. जुन्या गादीचा काथ्या भरला, तर हौदाचा चहा झाला. मग दिवाळी सरल्यावर गल्लीभर हिंडून विझलेल्या पणत्या गोळा केल्या. खापर उत्तम, म्हणाले, आणि चाटल्यावर गोडं तेलच तर लागतंय! त्या तेलाचा पाण्यावर तवंग धरला आणि दुसऱ्या दिवशी चार मासे उलटे तरंगले. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

सासूबाईंचा मात्र संयम सुटला. लग्नाच्या पंचविशीला माहेरून आलेलं स्टीलचं ताट होतं, मधोमध दोघांची नावं ठळक अक्षरांत कोरलेली. ते त्यांनी सरळ हौदात सोडलं. हिरव्या पाण्यात ते दिसेनासं झालं.

"होळीपर्यंत त्याच्यावरची नावं काठावरून वाचता आली पाहिजेत. नाहीतर मासे देऊन टाका. हौद बुजवून मी मोगरा लावणार!"

मामंजींचा चेहरा पडला, पण "कबूल," म्हणाले.

संक्रांत आली. पूजेची सुगडं मांडताना मामंजी हळूच येऊन बसले आणि एक उचलून चाटलं. ते काळ्या रंगाचं निघालं. जीभ काळी झाली, सासूबाईंनी कपाळावर हात मारला. दुसरं लाल, बिनरंगाचं होतं. ते जिभेला नुसतं चिकटून बसलं. मामंजींचे डोळे चमकले.

"सूनबाई, सापडलं! कोरं खापर, रंग नाही, तेल नाही. सगळं भोकंभोकं, पाणी पितंय बघ कसं. घाण खाणारे बारीक जीव ह्यातच घर करतात!"

"सौभाग्याची सुगडं माशांच्या घाणीत?" सासूबाई कडाडल्या. "काही जनाची-मनाची?"

"अगं, संक्रांत झाली की गंगेत सोडताच ना तुम्ही बायका? यंदा परसात सोडा."

त्या फणकाऱ्यानं आत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पदरात आपली सुगडं घेऊन स्वतःच हौदावर गेल्या. हळदीकुंकू खसखसून धुतलं. "फोडायचं नाव काढाल तर बघा! अख्खीच भरायची," एवढं बजावून एकेक सुगड पिंपात ठेवू लागल्या. ते पाहून गल्लीतल्या बाया ओट्या भरायला निघाल्यासारख्या आल्या. कुणाची माळ्यावरची, कुणाची परसातली. मामंजी प्रत्येक चाटून पास करत होते. चार दिवसांत पिंप काठोकाठ भरलं.

तरी महिनाभर पाणी हिरवंच. सासूबाईंनी मोगऱ्याचं रोप आणून हौदाच्या काठावर मांडून ठेवलं. मामंजी त्याच्याकडे पाठ करून बसत. मग पाणी हळूहळू पातळ दिसू लागलं, आणि होळीच्या सकाळी त्यांनी पिंपावर असा काही ताल धरला की सगळी गल्ली परसात जमली. मासे ताटावरून सुळसुळ फिरत होते.

सासूबाई वाकल्या. "दिसतंय हो."

"दिसतंय नाही. वाच. मोठ्यानं!"

आता आली पंचाईत. इतक्या वर्षांत उखाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. त्यांनी आधी स्वतःचं नाव वाचलं. थांबल्या, पदर सावरला आणि मग मामंजींचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत वाचलं. परसात एकच टाळ्या! आणि आमचा विजयी वीर कानापर्यंत लाल होऊन माशांकडे बघत राहिला. मोगरा लावलाच शेवटी, हौदाच्या शेजारी.

मामंजी गेले त्याला आता बरेच दिवस झाले. संक्रांतीला मी लाल सुगडं आणते, कुणी बघत नाही असं पाहून एक जिभेला लावते. चिकटलं की बरं वाटतं. ताट अजून तळाशी आहे. सासूबाईंना मोतीबिंदू झालाय, हौदाचा काठसुद्धा त्या हातानं चाचपतात. तरी रोज सकाळी तिथं वाकून उभ्या राहतात आणि ते पूर्ण नाव वाचतात, मोठ्यानं.