झाकणातलं मेण

तिसऱ्या वेळीही गाडी तिथंच बंद पडली. निपाणीच्या तंबाखू गोदामापासून निघून चढ संपायच्या आत. मी स्टेअरिंगवर, शेजारी मालकीण सुमनआक्का. फियाट त्यांच्या नवऱ्याची. ते गेल्यापासून सहा वर्षं गोदामात उभी होती.

“रविवारी पोरगा येतोय,” आक्का म्हणाल्या. “चिकोडीला जाऊन आली तर ठिवू, न्हायतर भंगारात घालू, म्हणालाय.”

मी नुसती मान हलवली. आमच्या गॅरेजात गिऱ्हाइकाशी नवरा बोलायचा, काम दोघं करायचो. तो वारल्यापासून दोन्ही माझ्यावर आलं, आणि एकच जमतं.

तीन दिवस गोदामात मी गाडीखाली आणि आक्का खुर्चीवर. मी एक शब्द काढला नव्हता. जुनं पेट्रोल चिकट झालेलं, ते काढून टाकी धुतली. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, खोलून साफ केला. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. टाकीचं झाकण बाजूलाच होतं, तसंच इंजिन अर्धा तास चालवलं. छान चाललं. झाकण लावून रस्त्यावर काढली की दहा मिनिटांत बंद.

चढावर बॉनेट उघडून बघितलं. काट्यावर टाकी भरलेली, पण पंपापर्यंत पेट्रोल येत नव्हतं. मला काही सुचेना, म्हणून विचारलं, “आक्का, गाडी ठिवताना काय काय केलतं?”

“बोललीस बाई एकदाची! मला वाटलं मुकी हाईस. बॅटरी काढली, चाकाखाली विटा लावल्या. अन् टाकीच्या झाकणाला बारकं भोक हुतं, त्यात मेण भरलं. तंबाखूची धूळ जाईल म्हणून.”

मी मागं जाऊन झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. पेट्रोल खर्च होईल तशी त्या भोकातून हवा आत जावी लागते. नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. मेणावर धूळ बसलेली, मी वरून फडकं मारून झाकण लावत होते.

आक्कांनी बांगडीतली पिन काढून दिली, तिनं मी भोकातलं मेण टोकरून काढलं. “मालक असतं तर लई हसलं असतं बघ मला.”

रविवारी गाडी चिकोडीला जाऊन आली. मुलगा सोमवारी परत गेला. गाडी राहिली.

महिन्यातून एकदा आक्कांचा फोन येतो, “गाडी आवाज करालीया गं.” मी जाते. आवाज नसतो. इंजिन चालू ठेवून आम्ही चहा पितो.

आता जुनी गाडी आली की पाना उचलायच्या आधी विचारते, ठेवली कुणी आणि कशी. तेवढं वाक्य घरून पाठ करून जाते.