तळ्याकाठचा मुका गडी

आमच्या कापसाच्या जिनिंगवरच्या ग्रेडरभाऊंनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. बाकीचं मागून.

ते मारेगावकडचे. कापसाची गाडी आली की दर्जा ठरवायला कोपरापर्यंत हात खुपसायचे, आतला कापूस ओढून मुठीत दाबायचे, ओल बघायचे. "वरचा तं पांढराच रायते," म्हणायचे. त्यांच्या हाताखाली दोन हंगाम काढले, तेव्हापासून मलाही कशाच्याच वरच्या थरावर विश्वास बसत नाही.

माझं घर चोपड्याकडं. सातवीत शाळा सोडली आणि कामामागं फिरत पांढरकवड्याला आलो. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. गाड्या येईनात, मशिनी बंद. मग दुपारी मी मोबाईलवर गेम उघडायचो. त्यात राक्षस, जादूगार, लढाया सगळं होतं. माझा गडी मात्र तळ्याकाठी गळ टाकून बसायचा. घरून माझी बहीणही तोच गेम उघडायची, गेममधली तिची बाई माझ्या गड्याशेजारी येऊन बसायची. फोनवर आम्ही दोन मिनिटांत गप्प व्हायचो. तिथं तास तास बसायचो. दिवाळीलाही घरी गेलो नव्हतो. भेट काय ती तेवढीच.

मधूनमधून गेममध्ये लाल अक्षरांत इंग्रजी ओळी यायच्या. कुणीतरी फसवतंय, असं समजून मी त्या पुसून टाकायचो.

एका दुपारी मोबाईल चार्जिंगला लावून आंघोळीला गेलो. आलो तर ग्रेडरभाऊ माझ्या खाटेवर, हातात माझा मोबाईल, भराभर टाइप करताहेत.

"भाऊ, कोणाशी बोलताय?"

"तुह्या गेमवाल्याशी. थांब जरा."

मी मोबाईल हिसकावलाच. आधी गेममधली थैली उघडून तळापर्यंत मासे तपासले.

"तुहे मासे मी कायले चोरू बे? मले तं साधं वांगंबी पचत नाही."

"मग लिहिलं काय?"

"तो लाल अक्षरांत इचारून राह्यला, तू माणूस हायेस का आपोआप खेळणारं मशीन? दिवसभर एकाच जागी बसते, एक अक्षर बोलत नाही. आता जवाब नसता देल्ला तं तुहं खातं बंद होत होतं."

"आणि तुम्ही?"

"लिहिलं, माणूसच हाये. इंग्रजी येत नाही त्याले. आंघोळीले गेलता. मी त्याचा भाऊ."

मला पटलं नाही. एवढं गोड कोण कुणासाठी लिहितं? त्यांच्यासमोरच पासवर्ड बदलला आणि ओल्या केसांनी चौकातल्या, इंग्रजी येणाऱ्या मेडिकलवाल्याकडं गेलो. त्यानं चष्मा वर करून ओळी वाचल्या. भाऊंनी सांगितलं तेच, शब्दाला शब्द. खाली गेमवाल्याचं उत्तर होतं: ठीक आहे, बसू दे त्याला.

परत आलो. ग्रेडरभाऊंनी विचारलं नाही कुठं गेलो होतो; त्यांना कळलंच असणार. मी गेम उघडला. थोड्या वेळानं बहिणीची बाई आली, शेजारी बसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

माफी मागायची राहिली ती राहिलीच. पण ग्रेडरभाऊंवर रोज दोन्हीकडून संशय असतो: शेतकरी म्हणतो, मुद्दाम दर्जा पाडला, मालक म्हणतो, ओला माल घेतला. ज्या दिवशी कुणी खरंच त्यांच्यावर बोट ठेवील, त्या दिवशी त्यांच्या बाजूनं पहिला मी बोलेन. इंग्रजीत विचारलं तरी.